खुर्ची नंतर घे

यादी मुलाने स्वतःच केली होती. पाठीला आधार देणारी खुर्ची, रुंद टेबल, दुसरा मॉनिटर, बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन, फायबरचा सगळ्यात वरचा प्लॅन आणि इन्व्हर्टर. हिंजवडीतली दोन वर्षांची नोकरी सोडून तो बंगळूरच्या एका कंपनीत लागत होता. ग्राहक न्यूयॉर्कचा, काम सॉफ्टवेअरचं, आणि बसायचं कुठे तर ‘भारतात कुठेही’. त्याने त्या ‘कुठेही’मध्ये आमच्या चिपळूणच्या घराची मागची खोली बसवली. माझी हरकत असायचं कारणच नव्हतं, पोरगा घरी येत होता. हरकत निघाली ती त्याच्या आत्याची.

ताई माझी मोठी बहीण. तिची सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये गेली. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाउनच्या तोंडावर ती पुण्याहून लॅपटॉप घेऊन इथे आली आणि इथलीच झाली. कंपनीनेही परत बोलावलं नाही. घरून नोकरी कशी करतात हे आमच्या घरात ठाऊक आहे ते तिलाच, म्हणून मुलाने यादी तिच्यापुढे ठेवली. तिने ती वाचली आणि बाजूला सारली.

“खुर्ची नंतर घे. आधी सांग, तुझा मॅनेजर बसतो कुठे?”

“बंगळूरच्या ऑफिसात. आठवड्यातले तीन दिवस.”

“आणि टीम?”

“सहा जण तिथेच असतात. मी आणि इंदूरचा एक, असे दोघं बाहेरून.”

“मग ही रिमोट टीम नव्हे रे. ही ऑफिसातली टीम आहे आणि तुम्ही दोघं फोनवर आहात.”

मुलाला हे लागलं. “त्याने काय फरक पडतो? मीटिंग सगळ्यांची एकच असते.”

“मीटिंग संपली की तुझा स्क्रीन बंद होतो. त्यांचे सहा जण उठून चहाला जातात. मीटिंगमध्ये ‘बघू’ म्हणून सोडलेलं तिथे ठरतं. दोन दिवसांनी तुला कळतं की तू करत होतास ते काम आता नकोच आहे.”

“चहाच्या टपरीवर निर्णय होत असतील तर तो कंपनीचा दोष आहे, आत्या.”

“आहे ना दोष. भोगायचा कोणी?”

इथून जो वाद सुरू झाला तो जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी चालूच होता. मी मधूनमधून तोंड घातलं, तेही इथे देतो, कारण दोघांपैकी एकाचंच म्हणणं मांडलं तर दुसरा मला घरात राहू देणार नाही.

मुलाची बाजू सरळ होती. त्याचं काम म्हणजे कोड. कोणी कुठली ओळ कधी लिहिली याची नोंद आपोआप राहते. मग खुर्चीत बसलेलं दिसण्याला एवढी किंमत का? कोथरूडहून हिंजवडीला जायला पावसाळ्यात दीड तास लागायचा, परत यायला तेवढाच. “आणि पोचून काय करायचो? हेडफोन लावून शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी चॅटवर बोलायचो.”

ताई म्हणाली, “ते वाचलेले तीन तास तुझे, कबूल. पण ऑफिसात माणूस कानांनी शिकतो. शेजारचा सिनियर ग्राहकाशी फोनवर कसं बोलतो, चूक झाली तर मॅनेजरला कुठल्या शब्दांत सांगतो, कुठल्या मेलला उत्तरच द्यायचं नसतं. हे तुला कुठल्या ट्रेनिंगमध्ये देणार आहेत?”

“हिंजवडीत दोन वर्षांत मला कोणी काय शिकवलं? माझा सिनियर सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. मी शिकलो ते रात्री रूमवर, व्हिडिओ बघून.”

याला ताईकडे उत्तर नव्हतं, आणि असायलाही नको. ऑफिस शिकवतं हे तिच्या पिढीचं सत्य आहे. वीस वर्षांपूर्वीच्या ऑफिसात ते खरंही असेल. आज शेकडो पोरं काचेच्या इमारतीत शेजारीशेजारी बसून एकेकटी काम करतात. त्यांना ‘ऑफिसात या, शिकाल’ म्हणणाऱ्यांनी आधी तिथे शिकवणारं कोणी उरलंय का ते बघावं. या मुद्द्यावर मी मुलाच्या बाजूने होतो आणि आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. घरच्या भांडणात अभ्यास काढायची खोड त्यामुळेच. मी निकोलस ब्लूम काढला. स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकाने सहकाऱ्यांबरोबर चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरमध्ये 2010 च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांची विभागणी चक्क जन्मतारखेवरून झाली. सम तारखेचे घरी, विषम तारखेचे ऑफिसात. घरच्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. त्यातला मोठा वाटा मधल्या विश्रांत्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्याचा, थोडा घरातल्या शांततेचा. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

“बघ!” मुलगा म्हणाला.

“पुढचं सांग,” ताई मला म्हणाली. तिने हे आधी ऐकलेलं होतं. आमच्या घरात कोणी सुटत नाही.

पुढचं असं, की प्रयोग संपल्यावर कंपनीने ज्याला जे हवं ते निवडू दिलं, तेव्हा घरी बसलेल्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले. एकटेपणाचा कंटाळा हे त्यातलं मोठं कारण. आणि तेवढंच काम करणाऱ्या दोघांत घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता कमी दिसली.

“आणि घेतलं कोणाला होतं?”

“कंपनीत किमान सहा महिने झालेल्यांना. घरी वेगळी खोली हवी आणि ब्रॉडबँड हवं. शिवाय आठवड्यातला एक दिवस ऑफिसात जायचंच.”

ताईने बाजूला सारलेली यादी परत ओढली. “म्हणजे नवखा कोणी नव्हता. ही तुझी यादी खोलीची आणि ब्रॉडबँडची आहे. सहा महिन्यांचं काय?”

“आत्या, ते कॉल सेंटर होतं! कोणी किती फोन घेतले ते यंत्र मोजायचं. माझं काम तसं मोजता येत नाही.”

“म्हणूनच तर. मोजता येत होतं तरी बढती हुकली. तुझं मोजता येत नाही, तर ते दिसायला नको?”

मुलाने मोबाइलवर शोधून त्याच कंपनीतला दुसरा प्रयोग काढला. त्याच ब्लूम यांचा, 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलेला. 1,612 कर्मचारी, त्यात इंजिनिअरसुद्धा. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या श्रेणीवर किंवा बढतीवर काहीच वाईट परिणाम दिसला नाही. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

“दोन दिवस घरी. उरलेले तीन ऑफिसात. तुझे ते तीन कुठे आहेत?”

यावर त्याने जे विचारलं ते मी त्याच्या वयात माझ्या आत्याला विचारलं नसतं. “तू तरी कुठे लीड झालीस?”

“नाही झाले. माझ्या मागून लागलेले दोघं आज मॅनेजर आहेत. मी ते समजून सोडलं. आईचं दुखणं होतं, मी पन्नाशीला आलेली. पण एक लक्षात घे. मी पुण्याहून निघाले तेव्हा त्या ऑफिसात मला सगळे ओळखत होते. कोणाच्या लग्नाला गेलेले, कोणाच्या चुका मी रात्री बसून निस्तरलेल्या. मी फोनवर ‘यात गडबड आहे’ एवढंच म्हटलं तरी लोक थांबतात. तुझ्या ‘गडबड आहे’ला बंगळूरमध्ये कोण थांबेल?”

“माझं काम बघतील, मग थांबतील.”

“बरं, तू कामात अडकलास. सिनियर तिकडे. काय लिहिशील? लिही, मला पाठव.”

त्याने मोबाइलवर टाइप केलं. तिच्या फोनवर आलं ते असं: ‘हाय, आहात का? एक इश्यू आहे.’

ताई मोठ्याने हसली. “अरे मेल्या, हे म्हणजे दार वाजवून पळून जाणं झालं. आता त्याने ‘हो, बोल’ म्हणायचं. तेव्हा तू जेवायला गेलेला. तू परत येशील तेव्हा तो मीटिंगमध्ये. समोरचा न्यूयॉर्कचा असला तर एका ‘हाय’ची किंमत एक अख्खा दिवस.”

मग तिने तिच्या धंद्यातली गोष्ट दाखवली. टेस्टिंगवाले बग नोंदवतात तेव्हा तीन गोष्टी लिहाव्याच लागतात: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ताईने तेच मदत मागायला वापरायला शिकवलं आणि त्याला पुन्हा लिहायला लावलं. खोडून, वाढवून, कापून शेवटी ते असं झालं:

‘काल संध्याकाळी नवा कोड घेतल्यापासून लॉगिनच्या पानावर पासवर्ड टाकला की पान पांढरं होतं. आधी डॅशबोर्ड उघडायचा. कॅशे पुसून आणि दुसऱ्या ब्राउझरवर करून बघितलं, तेच होतंय. स्क्रीनचा फोटो आणि लॉग सोबत जोडलाय. मला टोकनच्या मुदतीचा संशय आहे, पण ती सेटिंग बदलायची परवानगी माझ्याकडे नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी रिपोर्टच्या तिकिटावर काम करतो.’

“शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं,” ती म्हणाली. “ते वाचून त्याला कळतं की तू हातावर हात ठेवून बसलेला नाहीस. तुला बघता येत नाही ना त्याला.”

“हे लिहायला मला पंधरा मिनिटं लागली. शेजारी कोणी असता तर दोन मिनिटांत झालं असतं.”

“मी दुसरं काय सांगतेय मघापासून?”

पण त्याने लगेच बाजू पलटवली, आणि ती मला पटली. लिहिता लिहिताच त्याला टोकनचा संशय आला होता. शेजारच्याला विचारलं असतं तर शेजारच्याने सोडवून दिलं असतं, याला काही कळलं नसतं. शिवाय लिहिलेलं राहतं. पुढच्या महिन्यात इंदूरचा अडकला तर त्याला ते सापडेल. त्याने गिटलॅबचं उदाहरण दिलं. त्या कंपनीचं हँडबुक इंटरनेटवर कोणालाही वाचायला खुलं आहे. मीटिंग कशी घ्यायची इथपासून सगळं त्यात लिहून ठेवलेलं, माणसं जगभर विखुरलेली. वर्डप्रेसमागची ऑटोमॅटिक कंपनी घ्या. 2017 मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोचं ऑफिस काढून टाकलं, कारण तिथे यायचंच फार थोडे लोक.

“चांगलं आहे,” ताई म्हणाली. “ते लिहितात म्हणून त्यांचं चालतं. तुझी कंपनी नव्या माणसाला वाचायला काय देते? विचारलंस?”

विचारलं नव्हतं. तिने यादीच्या पाठीवर पहिला प्रश्न लिहिला.

नवीन माणूस दूर बसून लागत असेल तर त्याची खरी तयारी या एका गोष्टीत आहे असं माझं मत झालं आहे. कंपनी बोलण्यावर चालते की लिहिण्यावर, ते त्याने जॉइन होण्याआधी शोधून काढायचं. लिहिण्यावर चालत असेल तर चिपळूण काय आणि चंद्रपूर काय. बोलण्यावर चालत असेल तर आपल्या वाट्याचं लिहिण्याचं ओझं आपणच उचलायचं, रोज, कोणी न सांगता. मीटिंग संपली की ‘आज असं ठरलं असं मी समजलो, चूक असेल तर सांगा’ अशा चार ओळी टाकायच्या. टपरीवर ठरलेलं मग निदान तिसऱ्या दिवशी न कळता त्याच संध्याकाळी कळतं. अशा ओळी लिहिणारा पोरगा सुरुवातीला आगाऊ वाटतो. पण पुढे सगळे त्याच्याच ओळी शोधायला लागतात, असा ताईचा अनुभव.

नेट आणि विजेच्या विषयावर मला वाटलं होतं दोघांचं जमेल. फायबरचा स्पीड मुलाने अभिमानाने सांगितला. ताईला त्यात रस नव्हता. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतं. पंचाईत होते ती नेट तुटल्यावर. वीज गेली की इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर बंद पडतो आणि परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो. नेमकी तेव्हाच आपली बोलायची पाळी असते. त्याला राउटरपुरता लहानसा यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांत. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं. लॅपटॉप रोज पूर्ण चार्ज. महावितरणचा देखभालीचा दिवस कॅलेंडरवर, टीमलाही दिसेल असा.

“झालं की मग,” मुलगा म्हणाला.

“नाही झालं. 22 जुलै 2021 ला माझ्याकडे इन्व्हर्टर होता, डोंगल होतं, दोन सिम होती.”

त्या तारखेला चिपळूणमध्ये आणखी काही सांगावं लागत नाही. रात्रीच्या पावसात वाशिष्ठी गावात शिरली, बाजारपेठेत तळमजले बुडाले. ताई पहिल्या मजल्यावर होती, पण इन्व्हर्टरची बॅटरी खाली जिन्याखाली. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. ती सुखरूप आहे हेसुद्धा पुण्यात कोणाला कळवायची सोय नव्हती.

“कामाचं काय झालं?” मुलाने विचारलं. त्याला तेव्हाचं पाणी आठवतं, आत्याची नोकरी नाही.

“काही नाही झालं. दर जूनमध्ये मी टीमला एक मेल टाकते. माझा चार तास पत्ता नसेल तर पावसाने अडकले असं समजा. अर्धवट कामं या फोल्डरमध्ये, कुठपर्यंत झालीत ते रोज संध्याकाळी तिथे लिहिलेलं असतं, माझ्या जागी अमकीने उचलावं. त्या अमकीने उचललं. मी परत आले तेव्हा कोणाचा आवाज चढलेला नव्हता.”

मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग यादीच्या पाठीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘संध्याकाळची नोंद’ असं लिहिलं. या एका मुद्द्यावर तो वाद न घालता हरला. बॅटरीही माळ्यावर जाणार आहे.

वेळेचा घोळ मात्र त्याला अजून पूर्ण दिसत नाही. न्यूयॉर्कची सकाळची साडेनऊची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आठला येते, उन्हाळ्यात सातला, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळं एक तास पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. मुलाचा हिशेब असा, की काम दुपारी बाराला सुरू करायचं, रात्री नऊला संपवायचं, सकाळ मोकळी.

“सकाळी बंगळूरची टीम दहाला बसणार,” ताई म्हणाली. “तू बाराला येतोस हे त्यांना कोणी सांगितलंय? ते दहाला मेसेज टाकतील. तू बिचारा नवीन, उत्तर देशील. रात्री न्यूयॉर्क आहेच. म्हणजे दोन शिफ्ट, पगार एकाचा.”

“मी उत्तर नाही देणार.”

“पहिल्या महिन्यात? बघू.”

फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे, ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये दिला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं, पण खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं तेच होतं. त्यामुळे चिपळूणच्या मागच्या खोलीत बसलेल्या पोराला कायद्याचा उपयोग नाही. कॅलेंडरवर आपली वेळ उघड लिहून ठेवणं आणि ती मॅनेजरकडून एकदा मेलवर मान्य करून घेणं, एवढंच हातात आहे. हाही प्रश्न यादीत गेला.

मग ताई माझ्याकडे वळली. “आणि तू.”

“मी काय केलं?”

“करशील. ‘घरीच आहेस तर बँकेत जाऊन ये.’ वहिनी म्हणेल, ‘सिलिंडरवाला आलाय, जरा बघ.’ दार लोटलेलं असलं की तो बंगळूरला आहे असं समजायचं. आणि गणपतीत तो घरी आहे म्हणून रजा टाकणार नाही, लॅपटॉप उघडा ठेवून मोदक वळत बसेल. तसं नको. रजा म्हणजे रजा, काम म्हणजे काम.”

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “आणि जेवायला हाक मारायची की नाही?” त्यावर एकमत झालं नाही. ताईचं म्हणणं मेसेज टाकावा. मुलाचं म्हणणं हाक मारली तरी चालेल, तो म्यूटवर असेल. आम्ही बाकी सगळे जाणतो की तो म्यूटवर नसेल.

पैशाचा भाग थोडक्यात. पगारात घरभाडे भत्ता आहे, पण बापाच्या घरात फुकट राहून त्यावर सूट मिळत नाही. जुन्या करपद्धतीत राहून सूट हवी असेल तर त्याने मला खरोखर भाडं द्यायचं आणि मी ते माझ्या उत्पन्नात दाखवायचं. नव्या पद्धतीत ती सूटच नाही. खुर्ची-टेबल-नेटचा खर्च पगारदाराला उत्पन्नातून वजा करता येत नाही, कंपनीने दिला तर मिळाला. म्हणून वस्तू विकत घेण्याआधी कंपनी काय देते ते विचारावं, हे ताईचं ‘खुर्ची नंतर घे’चं साधं व्यवहारी कारणही होतं. सकाळी मोकळा वेळ मिळाला तर बाहेरचं काम घेईन असं मुलगा म्हणाला, तेव्हा मात्र दोघं भाऊबहीण एकदम ओरडलो. 2022 मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करताना सापडलेल्या तीनशे जणांना विप्रोने काढल्याचं त्यांच्या अध्यक्षांनीच जाहीर सांगितलं होतं.

शेवटी ताईने ऑफर लेटर मागितलं. ती कागद वाचते तेव्हा बग शोधत असल्यासारखीच वाचते. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. कामाचं ठिकाण कंपनी वेळोवेळी ठरवेल, असं तिथे होतं.

“इंटरव्ह्यूत त्यांनी स्पष्ट सांगितलंय, कायमचं रिमोट,” मुलगा म्हणाला.

“इथे कुठे आहे?”

“सगळ्यांच्याच लेटरमध्ये हे वाक्य असतं, आत्या.”

“असतं. म्हणूनच सगळ्यांनाच परत बोलावता येतं.”

टीसीएसने 2020 मध्ये म्हटलं होतं की 2025 पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात असायची गरज राहणार नाही. 2023 मध्ये त्याच कंपनीने लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. त्यात कायद्याविरुद्ध काही नव्हतं. घरून काम हा आपल्याकडे सरसकट कोणाचा हक्क नाही. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर तशी मुभा ठेवली, तीसुद्धा कामाचं स्वरूप बघून आणि मालकाशी ठरवून. इथे घर लावून बसलेल्या पोराला महिन्याच्या नोटिशीवर बंगळूरला बोलावलं तर काही महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत भरून तिकडे खोली घेणं आलं. तेवढे पैसे बाजूला काढून ठेवणं हाही तयारीचाच भाग, आणि तो यादीत कुठेच नव्हता.

ताईने मग मघापासून मनात असलेलं काढलं. “पहिले दोन महिने बंगळूरला जाऊन बस. स्वतःहून सांग, मला टीमबरोबर सुरुवात करायचीय. पीजी बघ, जास्त काही लागत नाही. सहाही जणांबरोबर एकदा तरी जेव. मग ये इकडे.”

“म्हणजे रिमोट नोकरी घेऊन मी ऑफिसात जाऊ? लोक हसतील.”

“हसू देत. हसतील तेव्हा तुझं तोंड त्यांच्या लक्षात राहील.”

तो तयार झाला नाही. दोन आठवडे जाईन म्हणाला, तेही कंपनीने प्रवासखर्च दिला तर. ताईच्या मते दोन आठवड्यांत माणसांची फक्त नावं कळतात. मला विचाराल तर महिना पुरे, पण मला कोणी विचारलं नाही.

रात्री त्याने एचआरला मेल लिहिला. सुरुवातीच्या ‘आपण कुशल असाल अशी आशा’ छापाच्या तीन ओळी ताईने कापल्या. प्रश्न राहिले ते असे: नव्या माणसासाठी लिहिलेली माहिती काय आहे, कामाची वेळ कोणती धरायची, उपकरणं आणि नेटचा खर्च कोणाचा, सुरुवातीला बंगळूरला यायचं असेल तर प्रवासखर्च मिळेल का, आणि ‘कायमचं रिमोट’ हे ऑफर लेटरमध्ये घालता येईल का. दोन दिवसांनी उत्तर आलं. लॅपटॉप आणि मॉनिटर कंपनी पाठवणार, नेटला दरमहा ठरावीक रक्कम, पहिल्या दोन आठवड्यांचा बंगळूरचा खर्च मंजूर, वेळ मॅनेजरशी ठरवा, माहितीच्या लिंक जॉइन झाल्यावर मिळतील. शेवटच्या प्रश्नाला उत्तर होतं: ‘कंपनीच्या धोरणानुसार.’

“म्हणजे हो,” मुलगा म्हणाला.

“म्हणजे नाही,” ताई म्हणाली. “परत विचार.”

“परत विचारलं तर कटकट्या वाटेन.”

“सहा महिन्यांनी बोलावल्यावर विचारलंस तर नाही का वाटणार?”

मॉनिटर यादीतून कटला. त्याने दुसरा मेल लिहायला घेतला, या वेळी थेट मॅनेजरला.